जाणाऱ्या पाण्याची वाट

शिवालयात प्रदक्षिणा घालताना गाभाऱ्याबाहेर आलेल्या पन्हळीपाशी आपण थबकतो आणि आल्या पावली मागे फिरतो. सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात ती हीच. देवाच्या मस्तकावरून उतरलेले पाणी ज्या वाटेने बाहेर पडते ती वाट ओलांडावयाची नाही, असा दंडक पूर्वजांनी घालून दिला. त्याचा शास्त्रार्थ पुरोहितमंडळी सांगतील. तो आमचा अधिकार नव्हे. आम्हांस कौतुक वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. देऊळ उभारणाऱ्या स्थपतीने आत येणाऱ्या पाण्याइतकीच बाहेर जाणाऱ्या पाण्याची चिंता वाहिली. त्या पाण्याला त्याने मुख दिले, बहुधा उत्तरेची दिशा दिली, नाव दिले, आणि त्याचा मान राखण्याचे काम प्रत्येक भक्ताच्या पावलांवर सोपविले.

पाणी आले कसे, याच्या कथा आपल्याकडे अगणित आहेत. भगीरथाने गंगा आणली, अगस्तींच्या कमंडलूतून कावेरी वाहिली, परशुरामाने तर सागरालाच मागे सारले. वापरून झालेले पाणी गेले कोठे, ही कथा मात्र कोणी सांगत नाही. ती सांगण्यासारखी वस्तूच नव्हे, अशी आपली समजूत. वाचकहो, आज आम्ही तीच सांगावयास बसलो आहो. नाकाला पदर लावू नका, एवढीच विनंती.

आमचे आजोळ फोंडे महालातले. तेथे न्हाणीच्या मोरीतून निघालेले पाणी मागल्या दारच्या माडांच्या आळ्यांत जाई. भांडी घासल्याचे पाणी केळींना आणि आळवाला मिळे. दिवेलागणीच्या आधी आजी हटकून विचारी, 'न्हाणयेचें उदक माडाक वता काय ना?' आणि आम्हां मुलांपैकी कोणी तरी उठून, पायाने माती सारून, ते पाणी एका माडाकडून दुसऱ्या माडाकडे वळवी. त्याला कोणी 'सांडपाण्याची व्यवस्था' असे भारदस्त नाव दिले नव्हते, पण व्यवस्था होती ती. पाणी थोडेच असे, कारण प्रत्येक कळशी विहिरीतून ओढावी लागे. परसू ऐसपैस होते. आणि मुख्य म्हणजे रोज संध्याकाळी त्याची विचारपूस करणारे एक माणूस घरात होते. जांभ्याची जमीन ते पाणी बघता बघता पिऊन टाकी. (तीच जमीन ते पाणी शेजारच्या विहिरीतही तितक्याच तत्परतेने नेऊन सोडते, हे त्या काळी कोणाच्या ध्यानी येत नसे.) शौचकूपांची कथा याहून वेगळी होती, तेथे डुकरांचा वावर असे, आणि त्या गोष्टीचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही.

आमचे घराणे चाकरीनिमित्त बडोद्यास आले तेव्हा सयाजीराव महाराजांनी बांधविलेल्या आजव्याच्या सरोवराचे पाणी शहरात खेळू लागून पुष्कळ वर्षे लोटली होती. इ. स. १८९२ मध्ये ते पाणी आले. वरून खाली आपल्याच ओढीने वीस-एक किलोमीटर चालत येणाऱ्या त्या पाण्याचे वर्णन आमच्या वडीलधाऱ्यांनी अनेकदा ऐकविले. त्यानंतर त्या पाण्याचे काय झाले, हे त्यांनी कधी सांगितल्याचे आम्हांस स्मरत नाही. शहरात पुढे भुयारी गटारे झाली. अटलादरा, तरसाली, गाजरावाडी येथे मैलापाणी शुद्ध करण्याची केंद्रे निघाली. तरीही पावागडाच्या डोंगरात उगम पावून शहराच्या मधोमध वळणे घेत जाणाऱ्या विश्वामित्रीच्या पात्रात न शुद्ध केलेले पाणी मिसळतच राहिले. तिच्यातल्या मगरींनी काय पाहिले नसेल! कारखान्यांच्या पाण्यासाठी १९८३ साली बडोद्यापासून खंभातच्या आखातापर्यंत सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा कालवा सुरू झाला. पाणी शहराच्या दृष्टीआड गेले. पण तो कालवा पादरा आणि जंबुसर तालुक्यांतील गावांच्या शिवारातूनच जातो, आणि तहानलेल्या पिकापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काठोकाठ भरून वाहणारे पाणी दिसले की तो ते उपसणारच. तसे ते अनेक ठिकाणी उपसले गेले. येथे कोणाला दूषण देण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांस त्यात एक मनोवृत्ती दिसते, ती एवढीच की गेले म्हणजे संपले. पाण्याला हे कधीच मान्य नसते.

शहराच्या गोष्टी मोठ्या, पैसाही मोठा. आम्हांस लिहावयाचे आहे ते एका लहान गावाविषयी. बडोद्याहून महीच्या बाजूस गेले की हे गाव लागते. वस्ती हजारभराची. तेथल्या महादेवाच्या देवळाशी गायकवाडी अमदानीपासून आमच्या आप्तवर्गाचा संबंध आहे. काही विश्वस्त शहरातले मराठी, काही गावातले पाटीदार. महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी आम्ही तेथे जातो. देवळापुढे तलाव आहे. उत्सवात पालखी तलावाची परिक्रमा करून येते.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्या तलावाचे रूप पालटू लागले. प्रथम कडेला हिरवी साय धरली, मग जलपर्णी पसरली, मग एका उन्हाळ्यात सकाळी मासे पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसले. पुढल्या उत्सवात पालखी निम्म्या वाटेवरून परत फिरली, कारण उरलेल्या काठावर उभे राहवत नव्हते. गावकऱ्यांनी अनेक कारणे शोधली. कोणी म्हणे पाऊस विटला, कोणी म्हणे मासेमारीच्या ठेकेदाराने काही टाकले. खरे कारण घराघरांत चकाकत होते. ते म्हणजे नळ.

गैरसमज नको. नळाविरुद्ध ब्र काढण्याचे धाडस त्या गावात आम्ही तरी करणार नाही. एका वृद्ध बांना आम्ही सहज म्हटले, 'पूर्वी पाणी थोडे होते तेव्हा तलाव बरा होता, नाही?' त्यांनी आम्हांस जे सुनावले त्याचा मथितार्थ असा की ज्याच्या डोक्यावर बेडे कधी चढले नाही त्याने तलावाची शोभा सांगू नये. बांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेने माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे मान ठरविले. हजार माणसांचे झाले ५५,००० लिटर. यातले पोटात जाते ते किती? पाच-पंचवीस टक्केही धरावयास नको. सुमारे ८० टक्के पाणी न्हाणीतून, मोरीतून, धुण्याच्या दगडावरून पुन्हा बाहेर पडते. म्हणजे दररोज ४४,००० लिटर. दहा हजारी टँकर आणून रोज सकाळी चार टँकर पाणी गावाच्या मधोमध ओतावे, तसे हे. त्यात घरोघरच्या सेप्टिक टँकचे ओसंडलेले पाणी येऊन मिळते. आत येणाऱ्या पाण्यासाठी नळ, टाकी, पंप, मीटर आणि उद्‌घाटनाची फीत. बाहेर जाणाऱ्यासाठी फक्त गावाचा उतार.

आणि उताराच्या शेवटी काय होते, तर तलाव आणि तलावाआधी पंधरा-वीस घरांचा एक वास. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा गाव झाडला त्यांची ही घरे. वरच्या फळियांतले पाणी त्यांच्या अंगणातून वाहत जाऊन तलावाला मिळे. मासे मेल्यावर गावाला जाग आली. त्या अंगणांत मुले तापाने फणफणत होती तेव्हा आली नव्हती. पालखी अडली नसती तर सभा भरली असती की नाही, याचा आम्हांस संशय आहे.

सभा देवळाच्या ओसरीवर भरली. सूचना पुष्कळ आल्या. एक वाहिनी टाकून सारे पाणी महीकाठच्या कोतरांत सोडावे, असे कोणी म्हणाले. कोतरांच्या पलीकडे दुसरे गाव आहे, एवढेच त्यावर उत्तर होते, आणि ते एका बाईने दिले, कारण तिचे माहेर तेथले. दुसरी सूचना यंत्राची: हवा फुंकून मैलापाणी शुद्ध करणारा तयार संच मिळतो, तो बसवावा. ही पद्धत खोटी नव्हे. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ती १९१४ साली जगापुढे मांडली, आणि मोठी शहरे आज तिच्यावरच चालतात. परंतु तिला अहोरात्र वीज लागते आणि शिकलेला माणूस लागतो. आम्ही जवळच्या एका वसाहतीत असा संच पाहून आलो. पंखा जळाला होता, बिल थकले होते, टाकीत पिंपळाचे रोप उगवले होते. कुलूप मात्र नवे होते.

शोषखड्ड्यांची सूचना अधिक विचार करण्याजोगी होती. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर चार-चार फुटांचे खड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत मुरविले आणि उघडी गटारे व डास दोन्ही घालविले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. आमच्यासमवेत पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही होते. त्यांनी बोलणे थांबवून दोन ठिकाणी हातभर खड्डे करविले, त्यांत घागर-घागर पाणी ओतले आणि सर्वांना चहा घ्यावयास सांगितले. वरच्या अंगाची माती गोराडू, म्हणजे रेताड व भुसभुशीत. तेथले पाणी चहा संपण्याआधी दिसेनासे झाले. खालच्या अंगाला काळी माती. तेथे ते दुपारपर्यंत तसेच डोळे वटारून बसले होते. डभोई-कर्जणकडल्या काळ्या जमिनीत शोषखड्डा म्हणजे पावसाळ्यात विहीर. आमच्या आजोळच्या जांभ्यात याच्या उलट. पाणी इतके लवकर जाते की गाळले जाण्यास अवकाशच मिळत नाही, म्हणून खड्डा आणि विहीर यांत निदान दहा-पंधरा मीटरांचे अंतर राखावे लागते. एका गावाचे औषध दुसऱ्या गावास लागू पडेलच असे नाही, हे त्या घागरभर पाण्याने जितके पटविले तितके कोणत्याही व्याख्यानाने पटविले नसते. वरच्या फळियांनी शोषखड्डे घ्यावयाचे ठरले. खालच्या अर्ध्या गावाचा आणि सेप्टिक टँकच्या पाण्याचा प्रश्न उरला.

सेप्टिक टँकविषयी येथे थोडे विषयांतर करतो, कारण तिच्याविषयी सुशिक्षितांतही मोठा भ्रम आहे. टाकी बांधली की मैला 'जिरतो', असे लोक समजतात. टाकीत जड गाळ तळाशी बसतो, प्राणवायूवाचून जगणारे जंतू त्याचा काही अंश खाऊन टाकतात, आणि बाकीचे पाणी निम्म्याहून अधिक घाण पोटात घेऊनच बाहेर पडते. राहिलेला गाळ दोन-तीन वर्षांनी काढावाच लागतो. तो काढतो कोण? जून २०१९ मध्ये याच बडोदे जिल्ह्यात, डभोई तालुक्यातील फर्तीकुई गावाजवळ, एका हॉटेलाच्या मैल्याच्या टाकीत सात माणसे गुदमरून मेली. चौघे सफाईसाठी आलेले, तिघे तेथले नोकर. एक उतरला तो वर येईना, म्हणून दुसरा उतरला, त्याला काढावयास तिसरा. टाकीत साठणारा विषारी वायू एक-दोन श्वासांत माणसाची शुद्ध हरपवितो. हाक मारण्यासही सवड देत नाही. संरक्षक साधनांवाचून माणसाला असे उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे, आणि तरीही हे घडले. आपण सोवळ्यात हात न बुडवता राहावे म्हणून कोणी तरी गळ्यापर्यंत बुडावे, हा व्यवहार फार जुना आहे. ज्या महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेस पाठविले, त्यांच्याच राजधानीत १९१७ साली त्यांना राहावयास खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलेला तो विद्वान कामाठीबागेत झाडाखाली बसून राहिला. त्या बागेत आम्ही लहानपणी आगगाडीत बसावयास जात असू.

आपल्या कोकणातल्या एका ब्राह्मणाने हा व्यवहार उलटा करून पाहिला, हेही सांगितले पाहिजे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला मिळावे म्हणून हट्ट धरला, आणि ते नाकारले गेले तेव्हा अन्न सोडले. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठीशी उपवास आरंभिला. पुढे १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीस गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचे खत करणारे, कोणाच्या हाताला न लागणारे संडास बनविण्याच्या खटपटीत आयुष्य वेचले. तुकोबांच्या देहूत सरकारी दवाखान्यात आलेले डॉ. मापुसकर याच वाटेने गेले. संडासाच्या मैल्यापासून जळणाचा वायू करण्याची त्यांची 'मलप्रभा' प्रसिद्ध आहे. त्यांच्या निधनानंतर २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांचीही दृष्टी एकच: हे काम हलके नाही, ते नीट योजले गेलेले नाही.

आमच्या स्नेह्यांनी मग आपला विचार मांडला. ऊन, जागा आणि वेळ, या तिन्ही गोष्टी खेड्याजवळ असतात, शहराजवळ नसतात. म्हणून खेड्याने शहराची नक्कल करू नये. आधी एका खोल हौदात गाळ बसू द्यावा. तेथून पाणी कमरेपेक्षा थोड्या अधिक खोलीच्या, पसरट तळ्यांत सोडावे आणि आठ-दहा दिवस उन्हात पडून राहू द्यावे. पाण्यात हिरवे शेवाळ वाढते. ते दिवसा प्राणवायू सोडते. त्या प्राणवायूवर जगणारे जंतू घाण खातात. घाणीतून सुटलेले क्षार पुन्हा शेवाळाला मिळतात. जंतांची अंडी तेवढ्या दिवसांत तळाशी बसतात. शेवटी खडीच्या वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस लावावे. (कर्दळीचे नाव होते, पण खरे काम तिच्या मुळांशी आणि खडीवर चिकटलेले जंतूच करतात, संसारात असे पुष्कळ ठिकाणी घडते.) तळे हिरवे दिसले की ते निरोगी, काळे पडून दर्प सुटला की आजारी. पावसाचे पाणी मात्र बांध घालून निराळे काढावे आणि थेट तलावात न्यावे, नाही तर आषाढात सारा खटाटोप वाहून जाईल.

यात नवलाईचे काही नाही. नागपूरला १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली. आज ती 'नीरी' या नावाने ओळखली जाते. तेथल्या शास्त्रज्ञांनी आपल्या देशातल्या उन्हाला जमतील अशा तळ्यांची मोजमापे फार पूर्वीच बसवून दिली. त्याही आधीची एक गोष्ट आम्हांस विशेष प्रिय आहे. मुंबईस माटुंग्याला १८९० साली म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या खटपटीने निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. त्या वस्तीचे मैलापाणी तेथल्याच शेतीला दिले जाई, आणि १८९७ च्या सुमारास तेथे मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू साठवून त्यावर इंजिन चालविण्यात आले. सारी मुंबई तेव्हा प्लेगने हवालदिल झाली होती, आणि जिला शहराने आपल्याबाहेर टाकले होते ती रोगजर्जर माणसांची वस्ती आपल्या मैलापाण्याचा हिशेब आपल्याच आवारात चुकता करीत होती.

आता जागा किती लागणार, याचा हिशेब. माणशी दररोज सुमारे ४५ ग्रॅम प्राणवायू खाईल इतकी घाण मैलापाण्यात येते. हजार माणसांची ४५ किलो. बडोद्याच्या अक्षांशावर, तिथल्या उन्हात, एक हेक्टर तळे दिवसाला सव्वादोनशे किलोंचा भार सोसते. भागाकार केला तर अर्धा एकर जमीन हवी. ती तलावाच्या वरच्या अंगाला हवी, उतारावर हवी, आणि गावठाणाला लागून हवी. अशी जमीन गावात एकच होती, आणि ती देवाची होती. महादेवाच्या पूजेसाठी तीत झेंडू, मोगरा आणि बेलाची झाडे होती.

ओसरीवर शांतता पसरली. आमच्यातील सर्वांत वडील विश्वस्त, ज्यांच्या शब्दाला आम्ही जन्मभर मान देत आलो, ते म्हणाले, 'देवाच्या बागेत गावाची मोरी आणता? उद्या गाभाऱ्यात कोणत्या तोंडाने उभे राहाल?' या प्रश्नाची टवाळी करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. देवाला दिलेली वस्तू परत घ्यावयाची नाही, हा संकेत आहे म्हणून तर देवळांच्या जमिनी शिल्लक राहिल्या. दुसऱ्या एका विश्वस्तांनी उत्तर दिले, 'काका, मोरी देवाच्या तलावात आजच येते आहे. ती बागेत थांबवावयाची की तलावात जाऊ द्यावयाची, एवढेच ठरवावयाचे आहे.' काका उठून गेले.

त्या दिवशी आमच्या स्नेह्यांनी आणखी एक हिशेब सांगितला, तो ऐकून पुजारीही चमकले. एक लिटर दूध पाण्यात गेले तर ते नासताना शंभर ग्रॅमहून अधिक प्राणवायू खाते. म्हणजे दोन माणसांच्या दिवसभराच्या मैलापाण्याहून त्याचा भार जास्त. श्रावणी सोमवारी शेकडो लिटर दूध पन्हळीतून थेट तलावात जात असे. माणसाला जे अमृत तेच माशाच्या मुळावर. महाप्रसादाच्या दिवशी भाताची पेज, ताक, तुपाळलेली भांडी, यांचा भार निराळाच. ज्या पन्हळीला आपण ओलांडीत नाही तिच्या शेवटच्या टोकाला काय घडते, हे पाहावयास आपण कधी गेलोच नव्हतो. पुजाऱ्यांनी स्वतःहून तोड काढली: अभिषेकाला प्रत्येकाचे चमचाभर दूध देवाला वाहावे, बाकीचे निराळ्या पातेल्यात घेऊन तापवून मुलांना प्रसाद म्हणून द्यावे. शास्त्राला ते मान्य आहे की नाही यावर आमच्या शहरी मंडळींत अजून वाद चालतो. खालच्या वासातल्या मुलांत मुळीच नाही. भोजनशाळेच्या मोरीला तेल-तूप अडविणारी लहान टाकी बसविली. ती दर आठवड्याला पळीने साफ करावी लागते. आचाऱ्याला हे काम आपले वाटत नाही, भांडी घासणाऱ्या बायकांना त्यांचे वाटत नाही. सध्या ते विश्वस्तांच्या घरच्या तरुण मुलांनी पाळीने पत्करले आहे. देवाच्या पूजेची पाळी आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ती कोणी चुकवीत नाही. ही नवी पाळी गेल्या वर्षी दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा वास सर्वांना कळला.

जमिनीचा ठराव बहुमताने झाला. सरकारी परवानग्यांचे सव्यापसव्य सांगून वाचकांस शिणवीत नाही. बेलाची झाडे राखली, झेंडूचे वाफे गेले. गेल्या माघात हौद आणि दोन तळी खोदून झाली, काठ दगडांनी बांधून घेतले, कारण गवत माजले की डास होतात. शिवाय गप्पी मासे सोडले आहेत. हौदातला गाळ दर तीन वर्षांनी टँकरच्या नळीने उपसावयाचा. त्याचा खर्च देवळाच्या उत्पन्नातून वेगळा काढून ठेवावा आणि कोणत्याही कारणास्तव माणूस आत उतरवू नये, असे ठरावात शब्दशः लिहविले आहे. तो कागद ओसरीवर, उत्सवाच्या मानकऱ्यांच्या यादीशेजारी लावलेला आहे. खालच्या वासातून पाणी आता बंद वाहिनीने जाते. तेथली अंगणे कोरडी झाली. तेथल्या एका गृहस्थाला देखरेखीची नोकरी देऊ केली तेव्हा त्याने नम्रपणे नकार दिला: 'हे काम आता तुमच्यातल्या कोणाला तरी द्या.' आम्हांस तो नकार फार रास्त वाटला. सध्या वरच्या फळियातला एक पदवीधर मुलगा ते काम पाहतो.

तलाव एका वर्षात सुधारत नाही. तळाशी साचलेला गाळ अजून सडतो आहे, जलपर्णी दोनदा काढली, ती तिसऱ्यांदा आली. पालखी अद्याप अर्ध्या वाटेवरूनच परतते.

काका सभेनंतर देवळात आले नव्हते. या श्रावणात आले. तळ्यांकडे त्यांनी पाहिले नाही, परंतु जाताना एक प्रश्न टाकून गेले, आणि आमच्यात आता त्याचीच चर्चा चालू आहे. शेवटच्या वाफ्यातून निघणारे पाणी झाडांना व चाऱ्याला देण्यास हरकत नाही, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये, असा नियम आहे. त्या पाण्यावर बांधाच्या कडेने पुन्हा झेंडू लावला, तर ती फुले देवाला चालतील काय? पुजारी म्हणतात, चालतील. काका म्हणतात, नाही. निर्णय लागेपर्यंत फुले बडोद्याच्या खंडेराव मार्केटातून येतात. ती कोणत्या पाण्यावर वाढलेली असतात, हे बाजारात कोणी विचारीत नाही, आणि फुलवालाही सांगत नाही.